दृक्प्रत्यय आणि संगणकाचें आकाश

‘संगणकानें वर्तविलेले आंकडे आणि रडारनें मोजलेले आंकडे यांचा मेळ समाधानकारक आहे’, अशा अर्थाचें एक वाक्य आयनांबराविषयींच्या हल्लींच्या शास्त्रीय लेखनांत वारंवार भेटतें. मंगलाष्टकाच्या शेवटीं जसें ‘सावधान’ यावयाचेंच, तसें निबंधाच्या शेवटीं हें वाक्य यावयाचेंच. त्यानें लिहिणाराचें समाधान होतें, वाचणाराचें होतें, आणि ज्यांच्या हातीं पैशाची थैली असते त्यांचें तर विशेषच होतें. कारण मेळ जर समाधानकारक आहे, तर मोजणारें महागडें यंत्र चालू ठेवावें तरी कशाला, हा प्रश्न त्यांस लागलीच सुचतो. आमचें भांडण या वाक्याशीं आहे. तें खोटें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळदां तें अक्षरशः खरें असतें. पण मेळ कोणाचा कोणाशीं बसला, बसला कीं बसविला, आणि जेथें बसला नाहीं तेथें काय केलें, हें सांगितल्यावांचून तें वाक्य निरर्थक होय. आणि त्याच्या बळावर मोजमापच बंद करण्याचा निष्कर्ष काढला तर तें अनर्थकारक होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रांतील सुशिक्षित वाचकांस हा वाद अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे तो दृक्प्रत्ययाचा वाद या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या चालला. कोंकणांतल्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे १५२० सालीं, ‘ग्रहलाघव’ रचलें तें ग्रंथावरून निघणारे ग्रह आणि आकाशांत दिसणारे ग्रह यांत पडलेलें अंतर काढून टाकण्याकरितां. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे तर स्वतः वेध घेणारे. पुढें तोच ग्रंथ इतका सोयीचा ठरला कीं त्यावरून पंचांगें करणारांस आकाशाकडे पाहण्याची गरज उरली नाहीं. आणि तीन-साडेतीन शतकांत तेंहि गणित आकाशापासून ढळलें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, तेव्हां ग्रहण ग्रंथाप्रमाणें कां लागत नाहीं असें न विचारतां ग्रंथ ग्रहणाप्रमाणें कां सांगत नाहीं असें विचारावें, ही साधी गोष्ट लोकांच्या गळीं उतरविण्यास केवढी यातायात पडली, हें पंचांगशोधनाचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको. आज ग्रंथाच्या जागीं संगणक आला आहे, इतकेंच.

प्रथम वस्तुस्थिति सांगूं. भूपृष्ठापासून सुमारें साठ किलोमीटरांवर सुरू होऊन हजार किलोमीटरांपर्यंत व त्याहिपलीकडे पसरलेला वातावरणाचा जो भाग, तेथें सूर्याचे अतिनील व क्ष-किरण वायूंच्या अणु-रेणूंचे इलेक्ट्रॉन तोडून टाकतात. या मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनांचा आणि मागें उरलेल्या आयनांचा जो थर तेंच आयनांबर. तीनशें किलोमीटरांच्या आसपास, भर दुपारीं, एका घन सेंटिमीटरांत दहा-दहा लाखांपर्यंत इलेक्ट्रॉन असतात. लघुलहरींचें नभोवाणी-प्रक्षेपण समुद्रापार जातें तें या थरावर आपटून. आणि खिशांतल्या फोनला जागा दाखविणाऱ्या उपग्रहांचे संकेत रेंगाळतात तेहि या थरांतून येतांना. सौरक्रियेच्या भरांत, विषुववृत्तालगतच्या पट्ट्यांत, या रेंगाळण्यानें पडणारी चूक पंधरा-वीस मीटरांच्या घरांत जाऊं शकते. म्हणून या थराची स्थिति अमुक वेळीं अमुक जागीं काय असेल हें सांगणें ही केवळ पंडितांची करमणूक राहिलेली नाहीं.

ही स्थिति मोजण्याचें सर्वांत भेदक साधन म्हणजे एका विशिष्ट प्रकारचें प्रचंड रडार. विमान शोधणाऱ्या रडारला धातूचें अंग लागतें. हें रडार मोकळ्या इलेक्ट्रॉनांनींच विखुरलेला प्रतिध्वनि ऐकतें. एकेक इलेक्ट्रॉन रेडियो-लहर इतकी थोडी विखुरतो कीं लक्षावधि वॅट शक्ति वर फेंकावी तेव्हां खालीं कानोसा घेण्याइतकें कांहीं परत येतें. या साधनाचा जन्मच मुळीं गणित आणि मापन यांच्या विसंवादांतून झाला. आणि ती हकीकत आमच्या प्रतिपादनास इतकी उपकारक आहे कीं येथें थोडें थांबलेंच पाहिजे.

१९५८ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील विल्यम गॉर्डन यांनीं असें गणित मांडलें कीं, पुरेसें मोठें रडार बांधल्यास आयनांबरांतील स्वैर इलेक्ट्रॉनांचा प्रतिध्वनि ऐकूं येईल. इलेक्ट्रॉन अतिशय हलके, म्हणून त्यांची धांव अतिशय मोठी; म्हणून परत येणाऱ्या लहरीची कंपनसंख्या खालींवर पुष्कळ पसरणार; आणि पसरलेला प्रतिध्वनि तितकाच क्षीण होणार. यावरून त्यांनीं हिशेब केला कीं तो पकडण्यास सुमारें हजार फूट व्यासाची थाळी पाहिजे. गणितांत चूक नव्हती. त्याच वर्षीं अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंतील केनेथ बोल्स यांनीं इलिनॉय संस्थानांत हातीं असलेलें प्रक्षेपक यंत्र आणि घाईनें उभारलेल्या आकाशतारा घेऊन प्रयोग केला. प्रतिध्वनि आला. पण तो गॉर्डन यांच्या अपेक्षेप्रमाणें पसरलेला नव्हता. त्याचा पसारा कितीतरी पटींनीं अरुंद होता, आणि म्हणून तो सुलभपणें ऐकूं आला.

आतां येथें दोन मार्ग होते. गणित निर्दोष दिसत होतें. प्रतिध्वनि मात्र घाईच्या सामग्रीनें पकडलेला. ‘यंत्रांत कांहीं बिघाड असावा’ असें म्हणून मापन बाजूस सारणें सहज शक्य होतें, आणि शिष्टसंमतहि ठरलें असतें. पण मापन मानलें गेलें, आणि मग पुढच्या दोन-तीन वर्षांत अनेकांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं लांब लहरीच्या दृष्टीनें इलेक्ट्रॉन मोकाट नसतातच. ते जड आयनांच्या दावणीला बांधलेले असतात. रडारला दिसते ती धांव इलेक्ट्रॉनांची नव्हे, आयनांची. या एका दुरुस्तीनें केवढें घबाड हातीं लागलें पाहा: प्रतिध्वनीच्या नुसत्या आकारावरून इलेक्ट्रॉनांचें तापमान, आयनांचें तापमान, त्यांचा प्रवाह कोणत्या दिशेला व किती वेगानें वाहतो, हें सर्व जमिनीवर बसून वाचतां येऊं लागलें. गॉर्डन यांचें मूळ गणित खरें निघतें तर यांतलें पुष्कळसें हातीं लागलें नसतें. (हजार फुटांची थाळी तरीहि झालीच. पोर्तो रिको बेटावरील आरेसिबो येथें ती १९६३ सालीं सुरू झाली. वास्तविक या कामाला एवढ्या मोठ्या थाळीची गरज नव्हती. पण तिच्याच मोठेपणामुळें हल्स व टेलर यांस १९७४ सालीं तारकायुग्मांतला स्पंदतारा सांपडला व १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जादा पडलेल्या अंकानें इतकें पुण्य क्वचितच कोणाच्या पदरांत पडलें असेल.)

तात्पर्य, विसंवाद म्हणजे अपयश नव्हे; ज्ञान शिरतें तें त्याच फटींतून. आणि ‘समाधानकारक मेळ’ या वाक्याचा खरा दोष हा कीं तें ती फट लिंपून टाकतें.

आतां संगणकाकडे वळूं. आयनांबराचीं संगणकीय प्रतिमानें दोन जातींचीं आहेत, आणि तीं एका माळेंत ओंवणें हाच पहिला घोटाळा. एक जात स्मृतीची, दुसरी जात तर्काची. पहिल्या जातीचें प्रमुख उदाहरण ‘आंतरराष्ट्रीय संदर्भ-आयनांबर’ हें. दोन आंतरराष्ट्रीय शास्त्रसंघांच्या आश्रयाखालीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हें काम सुरू झालें, १९७८ सालीं त्याचीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं, पुढें अनेक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण-संघटनेनें त्यावर प्रमाणतेची मोहोर उठविली. हें काम मोठें आहे व प्रामाणिक आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण तें आहे काय? जगभरच्या जमिनीवरील यंत्रांनीं, रडारांनीं, अग्निबाणांनीं आणि उपग्रहांनीं पूर्वीं जें मोजलें, त्याची महिन्या-महिन्याची मध्यम स्थिति. म्हणजे ती आयनांबराची आठवण आहे. अमुक महिन्यांत, अमुक सूर्यकलंकसंख्येला, अमुक तासाला येथें साधारणपणें काय असे, एवढेंच तें सांगतें. उद्यां काय असेल हें सांगण्याची प्रतिज्ञा त्याच्या कर्त्यांनीं कधींच केलेली नाहीं. ती प्रतिज्ञा त्यांच्या पदरीं बांधली आहे ती वापरणारांनीं.

अशा प्रतिमानाशीं रडारच्या एका दिवसाच्या नोंदीची तुलना करून ‘प्रतिमान चुकलें’ म्हणणारे आणि ‘सरासरीनें जुळलें’ म्हणणारे, दोघेहि आमच्या मतें सारखेच भ्रमांत आहेत. जुलै महिन्याच्या सरासरी पावसावरून येत्या मंगळवारीं छत्री न्यावी कीं नाहीं हें ठरविणारा जसा भ्रमांत असतो, तसेच.

पण याहून वाईट प्रकार आहे तो चक्रकाचा. पेरू देशांत लिमा शहराजवळ हिकामार्का येथें, पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर, १९६१ सालापासून एक रडार चालत आलेलें आहे. सुमारें तीनशें मीटर लांब-रुंद मैदानावर पसरलेल्या अठरा हजार चारशें बत्तीस आकाशतारांचा तो संच. विषुववृत्तावर आयनांबर दिवसा वर उचललें जातें, सूर्यास्तासुमारास क्षणभर अधिकच उसळी घेतें आणि मग रात्रीं खालीं बसतें. ही खालींवर होण्याची गति हिकामार्काइतकी बारकाईनें कोणींच मोजलेली नाहीं. १९९९ सालीं शर्लिस आणि फेजर यांनीं या रडारच्या अनेक वर्षांच्या नोंदी आणि एका उपग्रहाच्या नोंदी एकत्र करून या गतीचें एक प्रतिमान केलें. तें उत्तम आहे, आणि म्हणूनच पुढें वर सांगितलेल्या संदर्भ-आयनांबरांत तें बसविण्यांत आलें. आतां एखाद्यानें संदर्भ-आयनांबरांतून हिकामार्कावरची गति काढावी, ती हिकामार्काच्या रडारशीं ताडून पाहावी आणि ‘मेळ समाधानकारक’ असा निर्वाळा द्यावा, तर तो मेळ कोणाचा कोणाशीं? साक्षीदारानें काल दिलेली जबानी आज त्यालाच वाचून दाखविली आणि त्यानें मान डोलावली. यांत पुरावा तो कोणता वाढला? अशी तुलना निरुपयोगी असते असें नाहीं. सरासरीपासून आजचा दिवस किती ढळला हें त्यानें कळतें. पण प्रतिमानाच्या खरेपणाची परीक्षा म्हणून ती पुढें करणें हा न्याय नव्हे. परीक्षा घ्यावयाची तर ज्या मापनाचा अंश प्रतिमानांत नाहीं त्या मापनाशीं घ्यावी.

आणि अशी परीक्षा निसर्गानेंच एकदां घेतली. २००८ आणि २००९ या दोन सालीं सूर्य असा कांहीं निद्रिस्त झाला कीं प्रत्येक वर्षांत अडीचशेंहून अधिक दिवस त्यावर एकहि कलंक दिसला नाहीं. संदर्भ-आयनांबराच्या आठवणींत एवढी गाढ झोंप नव्हती. उपग्रहांनीं वर जाऊन पाहिलें तों आयनांबर अपेक्षेहून थंड, आकसलेलें आणि विरळ. प्रतिमान इलेक्ट्रॉनांची संख्या निम्म्यानें किंवा त्याहूनहि जास्त फुगवून सांगत होतें. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा झाल्या, हें योग्यच झालें. पण सुधारणा झाली ती कोणीतरी मोजत होतें म्हणून. मोजणारा कोणीच नसता, तर प्रतिमान आपल्या जागीं अढळ राहिलें असतें आणि त्याचा आकाशाशीं असलेला मेळ कोणी नाकारूं शकला नसता.

यावर दुसऱ्या जातीच्या प्रतिमानांचे अभिमानी म्हणतील कीं आमचें शास्त्र आठवणीवर चालत नाहीं. आम्ही सूर्याच्या प्रकाशापासून आरंभ करतों, वायूंचें मिश्रण, वारे, चुंबकीय क्षेत्र, विद्युत्‌प्रवाह यांचीं समीकरणें सोडवितों, आणि आयनांबर आपोआप निपजतें. हें म्हणणें बऱ्याच अंशीं खरें आहे आणि या प्रतिमानांबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु समीकरणांच्या तोंडांत घातलें काय जातें तें पाहावें. सूर्याच्या अतिनील किरणांचें बळ या प्रतिमानांस बहुधा सांगितलें जातें तें एका आंकड्यानें: दहा दशांश सात सेंटिमीटर लांबीच्या रेडियो-लहरींत सूर्य किती तळपतो, तो आंकडा. कानडा देशांत तो १९४७ सालापासून रोज मोजला जात आहे. मोजमाप नितांत विश्वासू, यांत संशय नाहीं. पण या रेडियो-लहरी आयनांबर घडवीत नाहींत. घडवितात ते अतिनील व क्ष-किरण, आणि ते निराळे असतात. सबंध सूर्य एका अंकांत कोंबून, आणि तोहि दुसऱ्याच एका लहरीवरून, मग जें निपजेल त्याला निव्वळ भौतिकशास्त्र म्हणावयाचें ही जरा धिटाईच होय.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. प्राणवायूचे आयन त्याच वायूच्या विद्युत्‌रहित अणूंवर किती वेळां आदळतात, हा अंक या सर्व प्रतिमानांत कळीचा. आयनांबर किती उंचीवर राहील हें त्यावर पुष्कळसें अवलंबून असतें. सिद्धांतावरून निघणारा हा अंक आरेसिबोच्या मापनांशीं जुळेना. १९८७ सालीं बर्नसाइड आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं तो सुमारें एक दशांश सात पटीनें वाढविल्यास जुळतो. या गुणकास पुढें बर्नसाइड यांचेंच नांव पडलें, आणि तो प्रतिमानांत बसला. १९९३ सालीं साला यांनीं त्याऐवजीं एक दशांश तीन हें ‘तात्पुरतें’ प्रमाण सुचविलें. या दोघांचेंहि काम सचोटीचें, कारण गुणक कोठून आला हें त्यांनीं उघड लिहून ठेवलें. पण हा गुणक पोटांत घेऊन बसलेलें प्रतिमान रडारशीं जुळलें, तर त्यांत नवल तें काय? शिंप्यानें अंगाचें माप घेऊन अंगरखा बेतला, आणि अंगरखा अंगाला बसला. शिंप्याचें कौतुक करावें. पण अंगरख्यावरून अंगाचा शोध लागला असें म्हणूं नये.

आम्ही रडारचे भाट आहों असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. मापन म्हणजे उघडें सत्य, ही समजूतहि तितकीच भाबडी आहे. रडारला दिसतो तो प्रतिध्वनीचा आकार. तापमान आणि आयनांची गति हीं त्या आकारावरून अनुमानानें काढावयाचीं असतात. दोनशें किलोमीटरांच्या आसपास जड रेणूंचे आयन किती आणि प्राणवायूच्या अणूंचे आयन किती, हें प्रतिध्वनीवरून धड उकलत नाहीं. तेथें हें प्रमाण पुष्कळदां एखाद्या प्रतिमानावरूनच गृहीत धरतात. म्हणजे ज्या मापनाशीं प्रतिमान ताडावयाचें त्या मापनाच्या पोटांतच दुसरें प्रतिमान बसलेलें! तुलना प्रसिद्ध करणारांनीं हें प्रत्येक वेळीं ठळकपणें सांगितलें पाहिजे. अनेकदां तें सांगितलें जात नाहीं, किंवा असें सांगितलें जातें कीं जाणत्यालाच कळावें.

हिकामार्काचीच एक गोष्ट या बाबतींत फार उद्बोधक आहे. तेथें १९६० नंतरच्या दशकापासून, चुंबकीय रेषांशीं जवळजवळ काटकोनांत पाहतांना, एक विक्षिप्त उत्तर येई: इलेक्ट्रॉनांचें तापमान आयनांहून कमी. हें सयुक्तिक नव्हे. सूर्यप्रकाशानें तापतात ते आधीं इलेक्ट्रॉन, मग त्यांच्यापासून आयन. चूल पातेल्याहून थंड कशी असेल? प्रतिमानें अर्थातच असें कांहीं सांगत नव्हतीं. तीस-पस्तीस वर्षें हा कांटा तसाच सलत राहिला. यंत्र पुन्हां पुन्हां तपासलें तरी उत्तर तेंच. अखेरीस १९९९ सालीं सल्झर आणि गोंझालेझ यांनीं दाखवून दिलें कीं दोष यंत्रांत नव्हता आणि आकाशांतहि नव्हता. प्रतिध्वनि वाचण्याच्या सिद्धांतांत इलेक्ट्रॉनांच्या परस्परांवर होणाऱ्या सूक्ष्म आघातांचा हिशेब अपुरा धरला होता. तो पुरा धरतांच तापमानें ताळ्यावर आलीं. येथें प्रतिमानाचें उत्तर बरोबर होतें, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पण हिकामार्काच्या मंडळींनीं प्रतिमानाशीं जुळावें म्हणून आपले आंकडे गुपचुप सरळ केले असते, तर सिद्धांतांतलें छिद्र अजूनहि तसेंच राहिलें असतें.

संगणकाचा खरा पराक्रम कोठें दिसतो तेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर आमच्यावर जुनाटपणाचा आरोप यावयाचा. त्याच हिकामार्काच्या रडारला साठाच्या दशकाच्या आरंभीं दिवसा सुमारें दीडशें किलोमीटर उंचीवरून कांहीं चमत्कारिक प्रतिध्वनि ऐकूं आले. सूर्योदयानंतर सुरू होत, दुपारपर्यंत खालीं सरकत, मग पुन्हां वर जात आणि सूर्यास्ताला नाहींसे होत. पुढें असे प्रतिध्वनि आपल्याकडे तिरुपतीजवळच्या गदंकीच्या रडारलाहि सांपडले, व २००६ सालीं पात्रा आणि राव यांनीं ते प्रसिद्ध केले. कारण कोणासच सांगतां येईना. पन्नासांहून अधिक वर्षें हें कोडें पडून होतें. २०१६ सालीं ओपनहाइम आणि दिमांत यांनीं महासंगणकावर कोट्यवधि कणांची हालचाल घडवून दाखविली, आणि सूर्यप्रकाशानें सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन तेथें लहरी उठवितात, त्या हें कारण असण्याचा फार संभव आहे, असें त्यावरून दिसून आलें. हा संगणकाचा उपयोग आम्हांस शिरसावंद्य आहे. येथें त्यानें मापनाची जागा घेतली नाहीं. ज्या मापनाचा अर्थ लागत नव्हता त्याचा अर्थ लावला. आणि अर्थ लावण्याजोगें कांहीं होतें तें अर्धशतकापूर्वीं कोणीतरी, कसल्याहि प्रतिमानाशीं न जुळणारा तो प्रतिध्वनि, खोडून न टाकतां जपून ठेवला म्हणून.

असें असतां मोजणारीं केंद्रें मात्र एकामागून एक मावळत आहेत. ग्रीनलंडमध्यें १९८३ पासून चाललेलें सोंद्रेस्ट्रोमचें रडार २०१८ सालीं बंद झालें. आरेसिबोचा एक दोर २०२० च्या ऑगस्टांत निखळला, दुसरा नोव्हेंबरांत तुटला, आणि १ डिसेंबरला नऊशें टनांचा मंच थाळीवर कोसळला. २०२२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें तें रडार पुन्हां न बांधतां तेथें शिक्षणकेंद्र करण्याचें ठरविलें. शिक्षणाला आमचा विरोध नाहीं. पण विहीर बुजवून तिच्यावर पाणपोईचा फलक लावावा, तसलाच हा प्रकार झाला. कोणी म्हणेल, अलास्कांत २००७ पासून नवें रडार आहे, स्कँडिनेव्हियांत नव्याची उभारणी आहे. खरें आहे. परंतु ध्रुवाजवळचें आकाश आणि आरेसिबोचें आकाश एक नव्हे. एका जागचें मोडलेलें मापन दुसऱ्या जागच्या मापनानें सांधतां येत नाहीं, आणि गेलेला काळ तर कोणत्याच यंत्रानें मोजतां येत नाहीं.

या शेवटच्या मुद्द्याला आपल्या मुंबईचा दाखला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४० नंतरच्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं एक महाभयंकर सौर वादळ आलें, तेव्हां तेथील माणसांनीं डोळ्यांनीं सुई पाहून, वेळेवर वेळ टिपून, आंकडे वहीत उतरविले. आडव्या क्षेत्राची सुमारें सोळाशें नॅनोटेस्लांची घसरण त्यांत आहे. ते आंकडे कशास उपयोगी पडतील हें टिपणारांस ठाऊक नव्हतें. आयनांबराचें नांवहि तेव्हां जन्मलें नव्हतें. १४४ वर्षांनीं, २००३ सालीं, सुरुतानी, लाखिना प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्याच आंकड्यांवरून त्या वादळाची शक्ति अजमावली. ट्रामच्या विजेनें सुया बिघडूं नयेत म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागला हलविण्यांत आलें, तें तेथें आजहि चालू आहे. आणि दक्षिणेंत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आयनांबरांत वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहाचें बळ ठरवितांना तिरुनेलवेलीच्या अंकांतून अलिबागचा अंक वजा करण्याचा प्रघात आहे. एखादें प्रतिमान पुरेसें आहे या सबबीवर अलिबागची सुई मध्येंच थांबविली असती, तर त्या वजाबाकींतला एक अंकच नाहींसा झाला असता.

खर्चाचा आक्षेप राहिला. रडार महाग आणि संगणक स्वस्त, हें कोण नाकारील? पण ज्यांच्या गळ्याशीं गोष्ट येते ते काय करतात तें पाहावें. उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या अमेरिकन व्यवस्थेंत आठ अंकांचें एक सुटसुटीत प्रतिमान आरंभापासून प्रक्षेपित होतें; आयनांबरामुळें पडणारी चूक तें सुमारें निम्म्यानें कमी करतें. रस्ता शोधणाऱ्या प्रवाशाला तेवढें पुरतें. विमान उतरविणाऱ्याला पुरत नाहीं. म्हणून आपल्या देशानें ‘गगन’ नांवाची व्यवस्था उभारतांना देशभर पंधरा ठिकाणीं केंद्रें बसविलीं, आणि आयनांबराचा प्रत्यक्ष विलंब अहोरात्र मोजण्याची सोय केली. जेथें माणसांचे जीव टांगलेले आहेत तेथें प्रतिमानाचा मेळ समाधानकारक आहे म्हणून कोणी स्वस्थ बसलें नाहीं.

आणि भारतानें तर बसूंच नये. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोंकावरून जातें. थुंब्याची निवड अग्निबाणांसाठीं झाली ती त्याच कारणानें. तेथून वर उचललेलें आयनांबर कारंज्यासारखें दोन्हीं बाजूंस ओतलें जातें आणि त्याची उत्तरेकडील रास गुजरात व मध्यप्रदेशावर पडते; महाराष्ट्राचें आकाश या दोहोंच्या मधल्या उतारावर आहे, जेथें दहा अंशांच्या अंतरांत इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्यानें बदलते आणि सूर्यास्तानंतर थरांत खळबळ माजते. प्रतिमानांची सर्वांत मोठी फजिती होते ती अशाच ठिकाणीं. गदंकीचें रडार ती खळबळ उत्तम दाखवितें. पण त्याचा मुख्य भर आहे थरांतल्या खळबळीच्या प्रतिध्वनीवर, शांत थरांतल्या साध्या इलेक्ट्रॉनांच्या क्षीण कुजबुजीवर नव्हे. ती कुजबुज वर्षानुवर्षें ऐकणारें हिकामार्काच्या तोडीचें केंद्र आपल्या रेखांशावर उभें राहीपर्यंत, भारतावरील आयनांबराच्या उसळीबद्दल प्रतिमान जें सांगेल त्यांत पेरूच्या आकाशाचा वांटा किती आणि आपल्या आकाशाचा किती, हें प्रत्येक तुलनेच्या शेजारीं छापलें जावें, एवढी तरी मागणी आपल्या विद्यापीठांनीं आणि नियतकालिकांच्या संपादकांनीं करावयास हरकत नाहीं.